भिंतीवरचा डाग

लखनौच्या नाल्याकाठच्या वस्त्यांना पुराचा धोका किती, हे ठरवायला नरहर घरोघर हिंडत होता. जुनं पाणी कुठवर चढलं होतं, ते भिंतीवरच्या डागांवरून मोजायचं. फूलमती अम्मांच्या वस्तीत मात्र एकाही भिंतीवर डाग नव्हता. बोटांना ओला चुना लागला, तो त्यानं रुमालाला पुसला आणि 'धोका नाही' असा शेरा मारून मोकळा झाला.

यंदा ती वस्ती बुडाली. पाणी ओसरल्यावर नरहर खालमानेनं पुन्हा अम्मांच्या दारात उभा राहिला. आता डाग त्याच्या डोक्याच्याही वर होता.

अम्मांनी पदरानं खुर्ची पुसून दिली. ओशाळून म्हणाल्या, "माफ करना साहब. पिछली बार आपके आने की खबर थी, तो सबने दीवारों पर चूने की पुताई करवा ली थी. इस बार घर ऐसा ही है."