पानातलं मीठ

"डॉक्टर, आमचं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा," मी म्हटलं. हे बाहेर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते.

डॉक्टरांनी पडद्यावर यांच्या हृदयाची जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी लावली. अँजिओप्लास्टीनंतरच्या तीन वर्षांत रक्तवाहिन्यांतला चरबीचा थर जाडच होत गेला होता. "तुमचं काहीच चुकलं नाही. गोळ्या, चालणं, पथ्य, सगळं व्यवस्थित आहे. पण यांची किडनी थोडी कमजोर आहे ना, अशा पेशंटमध्ये हा थर कधीकधी वाढतच राहतो."

"थोडीच ना? काळजीचं कारण नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

त्यांनी पडदा बंद केला. मला त्या 'काहीच चुकलं नाही'चाच संताप आला. काही चुकलं असतं, तर ते सुधारता तरी आलं असतं.

घरी येऊन मी कुकर लावला. आमच्याकडे पान वाढताना आधी मीठ वाढायची पद्धत. यांच्या पानातली ती जागा मी तीन वर्षं रिकामी ठेवली होती. आमटीवर चिमूटभर मागितलं तरी अंगावर धावून जायची. आज मी आधी मीठ वाढलं, मग शेजारी लिंबाची फोड ठेवली.

हे पानावर बसले. मिठाकडे नुसते बघत राहिले, त्याला बोट लावलं नाही.

मग हळूच म्हणाले, "अगं, किती दिवस म्हणाले डॉक्टर?"