बांध समक्ष पाहिला

हवालदार संगप्पानं मोटारसायकल तलावाच्या बांधाखाली लावली. मागून नायब तहसीलदार शिवमूर्ती साहेबांची जीप आली. जीपमधून हलीमाबी उतरली आणि तिनं भीमनगरातल्या भामाबाईला हात धरून उतरवलं. भामाबाईनं ऐंशी कधीच ओलांडली होती.

नागरिकत्वाच्या नव्या कायद्याची बोलवा उठल्यापासून जन्मदाखल्यासाठी मुरुडात रांगा लागत होत्या. पुढं कोण कोणता कागद मागणार, हे साहेबांनाही सांगता येत नव्हतं. ठाण्याला हुकूम एवढाच, की गर्दीवर नजर ठेवा. हलीमाबी बहात्तरच्या दुष्काळात याच तलावाच्या कामावर जन्मलेली. पुढं जिल्हा फुटला; तिची नोंद जुन्या जिल्ह्यात विचारली की नव्याकडं बोट दाखवत, नव्यात विचारली की जुन्याकडं. शेवटी साहेब म्हणाले, जागाच बघू. पण भामाबाईची साक्ष पटली नाही तर मला तसंच लिहावं लागेल.

तलाव यंदाही कोरडाठाक होता. म्हातारी कुठंतरी बोट दाखवील आणि आपण लिहून घेऊ, असं संगप्पाला वाटलं होतं. पण भामाबाई बांधावरून चालायलाच लागली. बाया रांगेनं उभ्या राहून मातीच्या पाट्या पुढं देत, असं तिनं सांगितलं. इथं नागुबाई. तिच्या पुढं चांगुणा, मग सायराबी, मग पाटलाची थोरली सून. ज्या बाईची जी जागा, तिथं ती थांबे, नाव घेई आणि पुढं जाई. अडतीस नावं झाली. संगप्पा एकेक नाव कागदावर लिहीत तिच्या मागं चालला. रोज याच बांधावरून तो ठाण्यात जायचा. हा बांध बायांच्या हातांवरून आलाय, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

पुढच्या जागी ती खाली बसली.

"हितं. हिच्या मायनं पाटी ठिवली अन् आडवी झाली. आमी लुगड्याचा आडोसा धरला. नाळ म्या खुरप्यानं कापली. तिला दूध न्हवतं. मला माज्या लेकाचं, व्यंकटीचं हुतं. तीन म्हैने दोघंबी पिले."

हलीमाबीला आईनं भामाबाईचं नाव तेवढं सांगितलं होतं, दुधाचं नाही. ती म्हातारीसमोर मातीत बसली.

साहेबांनी विचारलं, यातल्या दोघी-चौघी उद्या कचेरीत येतील का.

"समद्या गेल्या, साहेब," भामाबाई म्हणाली आणि तिनं तळवा मातीवर ठेवला. "ह्यो हाय."

साहेबांनी संगप्पाकडून कागद मागून घेतला आणि ते तिथंच मांडी घालून बसले. जन्म याच ठिकाणी, असं त्यांनी आधी लिहिलं. साक्षीदारांचा रकाना पुरेना, तेव्हा कागद उलटला. अडतीस नावं स्वतःच्या अक्षरात उतरवली, प्रत्येकापुढं 'मयत' लिहिलं, आणि सही करण्याआधी खाली एक ओळ घातली: बांध समक्ष पाहिला.