मोठी बोर

वैशाखाच्या उन्हात उकंडरावानं वावरातल्या साऱ्या बोरींच्या बुडाची माती खंदून काढली. राहिली फक्त धुऱ्यावरची, वावराच्या बांधावरची मोठी बोर. तिच्या बुडाशी त्याची माय, तानाबाई, मांडी घालून बसली होती.

"ऊठ व माय."

"हे नाही खंदायचं."

"अवं, बोरातली अळी खाली पडते, या मातीत कोश करून झोपते. आता खंदलं तं उन्हानं मरते, पाखरं खातात. नाही खंदलं तं दिवाळीच्या सुमारास माशी होऊन उठते अन् साऱ्या झाडायवर जाऊन बसते." त्यानं कपाळाचा घाम निपटला. "मोताळ्याच्या बाजारात बाया बोर फोडून पाहतात अन् तसंच टोपल्यात टाकून देतात. शेजारच्या वावरातला हिंमतराव हासते मले. म्हणते, बोरं विकतं का अळ्या विकतं बे? यंदा बी किडली तं सारी तोडतो मी. तुही ही बोर बी."

तानाबाई हलली नाही. तिचं पहिलं लेकरू इथं होतं. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत. ती बाळंतिणीच्या बाजेवर असतानाच नवरा त्याला पुरून आला आणि एवढंच म्हणाला, 'मोठ्या बोरीखाली ठेवलं. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर पाटा ठेवला.' नंतर त्यानं कधी विषय काढला नाही, तिनं विचारलं नाही. मग हा झाला. काळाची नजर चुकवायला याला उकिरड्यावर ठेवून उचललं, नावही तेच दिलं, तेव्हा कुठं जगला.

दर दिवाळीला या मातीतून माशा वर यायच्या. तानाबाई बघत बसायची, हाकलायची नाही. या झाडाचं बोर तिनं कधी तोंडात घातलं नव्हतं.

"त्याची झोप मोडते," ती म्हणाली.

उकंडरावानं कुदळ खाली ठेवली. बसायला म्हणून धुऱ्यावर पडलेला एक चपटा दगड ओढला.

तानाबाईची नजर त्या दगडावर गेली आणि तिथंच राहिली. एक बाजू वाटून वाटून गुळगुळीत, मधे खोलगट. कोपरा उडालेला. तो तिच्याच हातून उडाला होता.

"हा कुठं भेटला तुले?"

"विहिरीजवळच्या बोरीखाली. हरसाल खंदतो, यंदा खोल गेलो तं लागला, मंग इथं आणून टाकला. काऊन?"

विहिरीजवळची बोर. एके काळी वावरात तीच सगळ्यांत मोठी होती. उकंडरावानंच तिचा बुंधा कापून त्यावर कलम बांधलं होतं. तिच्या बुडाची माती उलथीपालथी होऊन उन्हात तापत पडली होती. साळुंक्या तिच्यात चोची मारत होत्या.

तानाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"खंद हे."

"आं? अन् मंग..."

"खंद म्हणलं न."

त्यानं कुदळ मारली. मातीसंगं गव्हाच्या दाण्यासारखे कोश वर आले. पाहता पाहता साळुंक्या इकडे उतरल्या. उकंडराव खुशीत आला.

"आता पाहजो माय, यंदा कशी बोरं येतात ते. विहिरीजवळच्या बोरीसारखी! तिच्यावानी गोड कोणतीच नाही. तू तं दरसाल तिचीच खातं, मलेबी लहानपणी तिचीच चारे."

तानाबाईनं पाटा उचलला, पदरानं पुसला आणि ओटीत घेऊन बसली.