उजेडाची सेना

दिपक पुण्यात कार्टूनच्या मालिका बनवतो. कळमनुरीजवळच्या तांड्यावर शितलला पाहायला आला, तेव्हा पोहे थंड होईस्तोवर तो आपलीच मालिका सांगत बसला. अंतराळात एक उजेडाची सेना, एक अंधाराची, आणि दोन्हींचा तोल राहिला तरच ब्रह्मांड टिकतं.

तेवढ्यात त्याच्या आत्यानं लाल रुमालाचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि शितलचा गाल खसाखसा पुसला.

“पावडर हाय का बघून राहिले. न्हाई. पोरगी मुळातच काळी हाय, दिपक.”

“मग राहू दे, आत्या. फोटोत उजळ होती.”

शितलनं रुमाल मागून घेतला, दिपकच्या गालावरून एकदाच फिरवला आणि आत्यासमोर धरला.

“आत्याबाई, पावडर हितं हाय.”