गाडीचं कव्हर

“ताई, गाडी तुमच्या नावावर, पण श्रीरंगराव तिकडे राहायला गेलेत. विम्यासाठी विचारावं लागतं, रात्री गाडी कुठे असते?” एजंट नातूकाकांनी फोनवर जपून विचारलं.

“त्या बाईच्या सोसायटीत. वॉचमनच्या खोलीशेजारी, पत्र्याच्या शेडखाली.”

“उघड्यावर नाही ना?”

“छे, वर कव्हरसुद्धा असतं.” माझा आवाज चढला. “इथे नऊ वर्षं गुलमोहराखाली उभी होती. मी कव्हर आणलं, तर म्हणाला, रोज कोण घालत बसणार? आता ऑफिसला निघण्याआधी त्याच कव्हरची चादरीसारखी घडी घालतो. दोन टोकं तो धरतो, दोन ती.”

 काका हळूच म्हणाले, “शेडखाली, एवढंच लिहितो.”