बायकोसाठी सोडलेली गोळी

अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच सोडून सलूनवाला मागच्या संडासाकडे पळाला. सकाळपासून हेच चाललं होतं.

तो परत आला तेव्हा गालावरचा फेस वाळला होता. गिऱ्हाईक म्हणजे त्याचा जुना दोस्त, निवृत्त पोस्टमन.

"काय रे, प्रोस्टेटची गोळी सोडलीस की काय?"

"सोडली. गेली खड्ड्यात!" सलूनवाल्यानं वस्तरा उचलला. "लघवी साफ व्हायची, पण बाकीचा सगळा कारभारच आटोपला होता. वर छाती सुजली, बाईसारखी. दिवसभर आरशासमोर उभं राहायचा धंदा माझा. लाज वाटायची रे."

"वहिनी काही बोलल्या?"

"ती कसली बोलतेय! उलट रोज आठवणीनं गोळी हातावर ठेवायची. पूर्वी ऊठसूट लेकीकडे जाऊन राहायची, ती गोळी सुरू झाल्यापासून घरातून हलली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून हसायची, गाणी गुणगुणायची. माझा जीव तुटायचा बघ. म्हटलं, हिनं काय म्हणून सोसायचं?"

तेव्हापासून तो तिच्यादेखत गोळी तोंडात टाकायचा आणि बेसिनमध्ये थुंकून यायचा. काही महिन्यांनी अंगात पुन्हा धग आली. एका रात्री त्यानं तिचा हात धरला तेव्हा ती दचकली. हात मात्र सोडवून घेतला नाही. अख्ख्या संसारात तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

पोस्टमनशी झालेल्या त्या गप्पांनंतरच्याच रविवारी, दुकानात गर्दी असताना, लघवी पार तुंबली. पोट दगडासारखं टणक झालं. पोस्टमननंच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. नळी घातली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर भडकले. "कुणाला विचारून गोळी बंद केलीत?"

बायको खाटेशी उभी होती. सलूनवाला तिच्याकडे बघत म्हणाला, "हिच्यासाठी, डॉक्टर. त्या गोळीनं हिचं सुख हिरावून घेतलं होतं हो."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सोसलं त्याचं चीज झालं, असं त्याला वाटलं.

"अहो, मग आधी बोलायचं ना!" डॉक्टर निवळले. "दुसरी गोळी आहे. तिनं असा त्रास सहसा होत नाही. उद्यापासून तीच सुरू करू."

"ऐकलंस?" त्यानं तिचा हात दाबला.

तिनं हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांच्या मागोमाग पडद्याबाहेर गेली. औषध कसं द्यायचं ते विचारायला गेली असणार, बिचारी. तो कान देऊन ऐकू लागला.

"डॉक्टर, पाया पडते तुमच्या," ती म्हणत होती, "तीच जुनी गोळी द्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी निर्धास्त झोपत होते हो."