दादा आणि लाल तारा

"अरे गाढवा, या ताऱ्याला फुगून आकसायला वर्ष लागतं वर्ष! शाळेबरोबर अक्कलही सोडलीस का?" दादा खेकसला.

तारा क्षणाक्षणाला उजळतो-मंदावतो, हे सांगून सांगून धाकट्याचा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी! त्याने गच्चीवरची दुर्बीण ढकलली. "तूच बघ!"

काच धुरकटू नये म्हणून दादाने श्वास रोखून डोळा लावला. "ढिम्म आहे. एकसारखा तेवतोय."

धाकट्याने चिडून पुन्हा पाहिलं. शेजारी दादाची छाती रागाने भात्यासारखी वरखाली होत होती, आणि लाल तारा तिच्याच लयीत उजळत होता, मंदावत होता.

"दादा, हा तुझ्या श्वासाबरोबर..."

"उडत जा!" दादा धाडधाड जिना उतरला.

तारा भराभर लुकलुकला. मग मंदावला, तो पुन्हा उजळेचना.

"दादा?"

खालून ओ आली नाही.

दुर्बीण राहू दे. धाकट्याला आता खाली दादाकडे धावायलाच हवं.